जमीन आपलीच, पण तुकडे पाडायचा हक्क विकलेला: ग्रे रँच आणि आमचा माळ

माणदेशी_मुक्ता (टूसॉन, ॲरिझोना)

नमस्कार मंडळी. गेल्या श्रावणात गावाहून काकांचा फोन आला. माण तालुक्यात आमचा एकतीस एकर माळ आहे. आजोबांच्या काळात त्यावर चाळीसेक खिल्लार जनावरं असायची, सुगीनंतर धनगरांचे वाडे मेंढरांसह उतरायचे. मग बाबा गेले, काकांचे गुडघे गेले, जनावरं एकेक करून बाजारात विकली गेली. आता तिथे नुसतं गवत आहे. पवन्या, मारवेल, कुसळी. त्या गवतावर एका एजंटाचा डोळा आहे. अकरा-अकरा गुंठ्यांचे 'फार्महाऊस प्लॉट' पाडायचे, मधून मुरमाचा रस्ता, तोंडाशी कमान. काकांनी विचारलं, "काय करू गं?" मला तोंडात उत्तर नव्हतं.

मी राहते तिथून तीनेक तासांवर हाच प्रश्न लोकांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी सोडवायला घेतला. ऑक्टोबरात एका मैत्रिणीबरोबर तिकडे जाऊन आले. तेव्हापासून डोक्यात तेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

न्यू मेक्सिकोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेला टेकून ग्रे रँच आहे. रँच म्हणजे गुरं चारायचं मोठं खाजगी रान, आणि ते चालवणारा तो रँचर. ३ लाख २१ हजार एकर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होईल त्याच्या दुपटीहून थोडं जास्त. शंभर वर्षं तिथे गुरांचा धंदा चालला. मालक बदलत गेले आणि १९९०मध्ये ती विकायला निघाली. नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने ती घेतली. आजूबाजूचे रँचर हबकले, कारण आता ही सरकारकडे जाणार, अभयारण्य होणार, चराई बंद आणि आपण हद्दपार, असंच त्यांना वाटलं. त्यांची भीती खोटी नव्हती, सरकारी वन्यजीव खात्याला त्या जमिनीत रस होताच.

झालं वेगळंच. संस्थेने जमीन स्वतःकडे ठेवली नाही. तिच्यावर कायमचं 'कॉन्झर्व्हेशन इझमेंट', म्हणजे जमीन न मोडण्याचा करार, नोंदवलं आणि मग ती ॲनिमस फाउंडेशनला विकून टाकली. हे फाउंडेशन त्याच भागातल्या हॅडली कुटुंबाचं. घरातले ड्रम हॅडली रँचर आणि कवी. जमीन खाजगी राहिली, गुरं राहिली, घोड्यावरची माणसं राहिली. गेला तो फक्त एक हक्क: ही जमीन तोडून प्लॉट पाडण्याचा.

१९९४मध्ये शेजारच्या रँचरांनी मिळून मालपाय बॉर्डरलँड्स ग्रुप स्थापन केला. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचा सुमारे आठ लाख एकरांचा त्रिकोण त्यांच्या कामाखाली येतो. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त जमीन खाजगी, बाकी राज्य आणि केंद्र सरकारची. आजवर त्यांनी ७५ हजार एकरांहून जास्त खाजगी जमिनीवर अशी इझमेंटं घेतली आहेत.

मला सगळ्यात शहाणपणाची वाटली ती त्यांची 'गवत पेढी'. दुष्काळ पडला, रानात चारा उरला नाही, तर रँचरने आपली गुरं ग्रे रँचवर न्यायची. आपल्या रानाला विश्रांती द्यायची. चराईचा मोबदला रोख नाही. तेवढ्याच किमतीचं इझमेंट त्याने आपल्या जमिनीवर लिहून द्यायचं. दुष्काळात माणूस जमीन विकतो ती हौसेने विकत नाही, हे आपल्या माणदेशाला कुणी सांगायला नको. नेमक्या त्या वेळी त्याच्या हातात गवत ठेवायचं आणि बदल्यात जमीन मोडणार नाही एवढा शब्द घ्यायचा. हे ज्याला सुचलं त्याने दुष्काळ सोसलेला असणार.

फोटो नंतर टाकते. प्रश्न विचारा, माहीत आहे तेवढं सांगेन.

पायवाट_नाशिक

मुक्ताताई, लेख आवडला. पण एक कळलं नाही. 'हक्क विकला' म्हणजे नक्की काय विकलं? पैसे कोण देतं? आणि उद्या मुलाने मोडून टाकलं तर?

माणदेशी_मुक्ता

पायवाट, जमिनीची मालकी म्हणजे हक्कांची मोळी समजा. राहायचा हक्क, पेरायचा, चारायचा, विहीर पाडायचा, विकायचा, वारसांना द्यायचा, प्लॉट पाडायचा. त्यातली एकच काडी काढून ती एखाद्या भूमी-न्यासाला (जमिनी राखणाऱ्या संस्थेला) किंवा सरकारी संस्थेला द्यायची. न्यास ती काडी वापरत नाही, फक्त कुलपात ठेवतो.

किंमत अशी काढतात. समजा, प्लॉट पाडायची मुभा असताना रँचची किंमत २० लाख डॉलर, आणि इझमेंटनंतर फक्त रँच म्हणून १२ लाख. मधले ८ लाख ही त्या काडीची किंमत. मालकाने ती दान दिली तर आयकरात सूट मिळते. साधारण दात्याला उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत, आणि निम्म्याहून जास्त उत्पन्न शेतीतून असलेल्याला १०० टक्क्यांपर्यंत. एका वर्षात संपली नाही तर पुढची १५ वर्षं ती वापरता येते. सगळ्यांनाच दान परवडत नाही, म्हणून केंद्राच्या कृषी खात्याची योजनाही आहे. ती बहुतेक वेळा काडीची निम्मी किंमत भरते.

मुलाचं म्हणाल तर, करार काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दप्तरात नोंदवलेला असतो आणि जमिनीबरोबर चालतो. मुलगा, नातू, विकत घेणारा परका, सगळ्यांना लागू. फक्त कोर्ट तो रद्द करू शकतं, तेही मूळ हेतू साधणं अशक्य झालं तरच. आणि तेव्हाही किमतीतला न्यासाचा वाटा न्यासाला जातो.

करार होण्याआधी जमिनीची 'आजची स्थिती' लिहून ठेवतात. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी ती फाइल दाखवली. जुनी, कडा दुमडलेली. प्रत्येक पानावर एक फोटो, खाली अक्षांश-रेखांश आणि कॅमेरा कोणत्या दिशेला धरला ते. दरवर्षी न्यासाचा माणूस येतो, त्याच खांबापाशी उभा राहून त्याच दिशेला फोटो काढतो. मी २००३चा फोटो हातात धरून त्याच जागी उभी राहिले. ओढ्यात तेव्हा नुसती वाळू होती. आता काठाला कमरेएवढं साकाटॉन गवत उभं आहे आणि वाळूवर गाळाचा थर बसलाय.

लँकेस्टरचा_पाटील (पेनसिल्व्हेनिया)

आमच्याकडची थोडी भर घालतो. आमच्या राज्याने १९८८पासून शेतांची इझमेंटं विकत घ्यायला सुरुवात केली. आज सहा लाख एकरांहून जास्त जमीन अशी राखलेली आहे. आमच्या शेजारीच एक जुनी डेअरी आहे, ऐंशी गाईंची. २०१९मध्ये दूध बंद केलं. दुधाच्या दरात खर्च भागत नव्हता. देशभरात २००३मध्ये परवानाधारक डेअऱ्या ७० हजार होत्या, २०२३मध्ये २७ हजारांच्याही खाली आल्या. म्हणजे शेजाऱ्यांचं नशीब काही वेगळं नव्हतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण यात लोकांची गल्लत होते. इझमेंटने त्यांचा धंदा वाचवला नाही. तो बसायचा होता, तो बसला. गोठा आजही उभा आहे, गाईंच्या माना अडकवायच्या लोखंडी दांड्यांना घासून आलेली चकाकी तशीच आहे, खाली गाई नाहीत. पण जमीन वाचली. करारात 'गाई पाळा' असं लिहिलेलं नसतं. 'शेतीसाठी राहील' एवढंच असतं. आता तिथे अर्ध्यात वैरण, थोड्यात मेंढ्या, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना झाडांचा पट्टा. पूर्वी गाई थेट ओढ्यात उतरायच्या, शेण-मूत पाण्यातून चेसापीकच्या खाडीपर्यंत जायचं. आता कुंपण आहे आणि काठ हिरवे आहेत. त्या घरातल्या आजोबांनी इझमेंटचा करार केला नसता तर तिथे आज गोदाम असतं. बाकी दोन्ही बाजूंना गोदामंच आहेत.

हिशेबनीस (न्यू जर्सी)

मी करसल्लागार आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणं माझं काम. या सवलतीचा प्रचंड गैरवापर झालाय. भागीदारी करायची, स्वस्तात पडीक जमीन घ्यायची, तिची किंमत पाच-दहा पट फुगवून दाखवायची, इझमेंट 'दान' करायचं आणि प्रत्येक भागीदाराने गुंतवणुकीच्या कितीतरी पट वजावट घ्यायची. त्या जमिनीवर ना पाखरू असतं ना गवत. २०२२च्या शेवटी कायदा बदलला, त्यानंतर भागीदारांच्या गुंतवणुकीच्या अडीच पटीहून जास्त वजावट दाखवली तर ती नामंजूर होते. चांगलं झालं, पण बरीच वर्षं उशिरा.

दुसरं, 'कायमचं' हा शब्द मला झोंबतो. आजचा मालक सूट घेतो आणि शंभर वर्षांनंतरच्या माणसाचे हात बांधतो.

माणदेशी_मुक्ता

हिशेबनीस, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. अशा लोकांमुळे खऱ्या रँचरांवरही संशय येतो.

दुसऱ्यावर माझं मत वेगळं आहे. प्लॉट पाडणंही कायमचंच असतं. तीनशे लोकांच्या नावावर गेलेला माळ पुन्हा एक झालेला मी पाहिलेला नाही. आज हात बांधले नाहीत तर शंभर वर्षांनंतरच्या माणसाच्या हाती बांधायलाही काही उरणार नाही.

आणि मालपायवाल्यांनी करार आंधळेपणाने केलेले नाहीत. तिथल्या रँचरकडे स्वतःची थोडी जमीन आणि सरकारी चराईचे पट्टे असतात. दोन्ही मिळून पोट चालतं. म्हणून त्यांनी अट घातली की, रँचरचा दोष नसताना सरकारने चराई काढून घेतली तर तो इझमेंटमधून मोकळा होऊ शकतो. जगायचं साधन काढून घ्यायचं आणि वर जमीनही बांधून ठेवायची, असं होऊ नये म्हणून. ही अट मला फार माणुसकीची वाटते.

आता वणव्याबद्दल लिहिते, कारण या सगळ्याचं मूळ तिथे आहे. १९९१मध्ये त्या भागात एक वणवा लागला. रँचर म्हणत होते जळू द्या, गवताला आग लागते तशी लागलीय. सरकारी यंत्रणेने तो विझवला. त्या रागातून बैठका सुरू झाल्या आणि पुढे हा ग्रुप उभा राहिला.

गवताला आग हवी असते. दर काही वर्षांनी हलकी आग गेली की झुडपांची रोपं मरतात, गवत मुळापासून फुटतं. तिथे शंभर वर्षं आग विझवत आले, आधीच्या काळात गुरंही बेसुमार चारली, आणि मेस्किट नावाचं काटेरी झाड माजलं. आपली वेडी बाभूळ त्याचीच बहीण. खाली गवत नाही, मधे उघडी माती, पाऊस आला की माती वाहून जाते. यावर उपाय ठरवून लावलेली आग. पण आग लावायला सलग रान लागतं. मधे एक जरी घर असलं तरी कुणी काडी ओढू शकत नाही. तिथे रानं चाळीस-चाळीस एकरांना तोडून विकतात. चाळीस एकर म्हणजे आपल्याला केवढं वाटतं, पण प्रत्येक तुकड्यावर एक घर, एक रस्ता, एक कुंपण आणि दोन कुत्री येतात. त्या दिवसापासून आग बंद, आणि आग बंद झाली की गवत संपलं. इझमेंट घर अडवतं, म्हणून आग शक्य होते. हे मला तिथे उभं राहून कळलं.

अजून एक लहान गोष्ट. त्यांच्या कुंपणाला काटेरी तारा आहेत, पण सगळ्यात खालची तार गुळगुळीत आणि जमिनीपासून चांगली हातभर वर. मी विचारलं, ही वेगळी का? तिथे प्रॉन्गहॉर्न नावाचं हरणासारखं जनावर असतं. वाऱ्यासारखं धावतं, पण कुंपणावरून उडी मारत नाही, खालून सरपटत जातं. खालच्या काट्यांनी पाठ फाटू नये म्हणून ती तार. एवढ्या मोठ्या रानात कुणीतरी मैलोन् मैल खाली वाकून ती तार बदललीय.

नान्नजकर

ताई, तुमचं वाचून डोळ्यांसमोर आमचं रान आलं. आमच्याकडे १९७९ला माळढोक अभयारण्य झालं. ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा आल्या. खरेदी-विक्री अडली, बांधकामं अडली, कुणी विचारलं नाही आणि कुणी मोबदलाही दिला नाही. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर लोकांच्या मनात त्या पक्ष्याबद्दल अढी बसली होती. माझे वडील माळढोक दिसला की आम्हाला हाक मारून दाखवायचे. नंतर त्यांनी दाखवणं सोडून दिलं.

आम्हालाही कुणी म्हटलं असतं की पाटील, जमीन तुमचीच, गुरं तुमचीच, फक्त मोडू नका आणि हे त्याचे पैसे, तर आम्ही नाही म्हटलं नसतं.

माणदेशी_मुक्ता

नान्नजकर दादा, तुमच्या वडिलांचं वाचून पुढचं वाचवेना थोडा वेळ.

तिथे याच्या उलट घडलं म्हणून सांगते. १९९६च्या मार्चमध्ये वॉर्नर ग्लेन या रँचरला पेलोन्सिओ डोंगरात शिकारी कुत्र्यांसह फिरताना जॅग्वार (बिबट्यासारखं ठिपकेदार, मोठं जनावर) दिसला. अमेरिकेत जिवंत रानटी जॅग्वारचे फोटो तोवर जवळजवळ नव्हतेच. हा माणूस पुमाची शिकार करणारा, पण त्याने बंदुकीऐवजी कॅमेरा उचलला. फोटो जाहीर केला तर सरकार निर्बंध आणेल ही भीती होती, तरी जाहीर केला. पुढे ग्रुपने जॅग्वारने मारलेल्या जनावराची भरपाई देण्यासाठी निधी ठेवला. १९९०च्या दशकातल्या दुष्काळात एका रँचर कुटुंबाने गुरांच्या तळ्यातला चिरिकावा बेडूक जगवायला ट्रकने पाणी वाहिलं. जमीन हातातून जाणार नाही याची खात्री असलेला माणूस बेडकासाठीही पाणी वाहतो.

काळा_कोट (सातारा)

मुक्ताताई, वकील म्हणून लिहितो. आपल्याकडेही इझमेंट कायदा आहे, १८८२चा. पण त्यातलं इझमेंट म्हणजे वहिवाटीचा हक्क: तुमच्या रानातून माझा रस्ता, तुमच्या बांधावरून माझं पाणी. त्याला एका जमिनीचा फायदा आणि दुसरीवर बोजा असं दोन जमिनींचं नातं लागतं. पुण्यातल्या एखाद्या न्यासाची शेजारी जमीनच नसेल, तर तुमच्या माळावर त्याचा असा हक्क निर्माण होत नाही. अमेरिकेत राज्यांनी यासाठी वेगळे कायदे केले, आपल्याकडे तसा नाही.

न्यासाने जमीनच घ्यावी म्हणाल, तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. भावाभावांत लेखी ठरवलंत तर ते सह्या करणाऱ्यांपुरतं, विकत घेणाऱ्याला सहसा बांधत नाही.

जवळ जाणारी वाट एकच दिसते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्र' आलं, कलम ३६-सी आणि पुढे. गावाने किंवा खाजगी मालकाने स्वखुशीने जमीन पुढे करायची. मालकी जात नाही, पण अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. पैसे मिळत नाहीत, हा मोठा फरक. आणि एकट्या एकतीस एकरांसाठी प्रस्ताव जाणं अवघड, शेजारचं गायरान आणि आणखी दोन-तीन मालक बरोबर हवेत.

एजंटाचं म्हणाल तर, जिरायतीचा अकरा गुंठ्यांचा तुकडा पाडून विकणं तुकडेबंदीत बसत नाही. बिनशेती परवानगी आहे का, हे काकांनी लेखी विचारावं. बरेचसे एजंट तिथेच गळतात.

वाड्यावरला

आमचे वाडे फलटणकडून कोकणात जायचे. तुमच्या आजोबांसारख्या लोकांच्या रानात मेंढरं बसायची, खताच्या बदल्यात धान्य मिळायचं. लिखापढी नव्हती. आता रानात गेलं की तार, गेलं की तार. गवत पेढीचं वाचलं आणि म्हटलं, ही तर आमची जुनी रीत, यांनी कागदावर आणली.

ताई, माळ राखणार असाल तर नुसता बंद करू नका. चरणारं तोंड नसलं की तीन-चार वर्षांत गवत वाळून गठ्ठा होतं, खालून फुटत नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवस मेंढरं फिरवा आणि उठवा. बी पडल्यावरच. पावसाळ्यात मात्र एक खूर पडू देऊ नका.

ऋतुगंध

एक आठवण नोंदवावीशी वाटते. हे रँचर येण्याआधी ती भूमी अपाची या मूळ रहिवाशांची होती. त्यांचा पुढारी जेरोनिमो याने १८८६च्या सप्टेंबरमध्ये शरणागती पत्करली ती पेलोन्सिओ डोंगरातल्या स्केलेटन कॅन्यनमध्येच, म्हणजे याच त्रिकोणात. 'कायमचं' राखायचं म्हणताना ज्यांना कायमचं उठवलं त्यांचं नाव यायला हवं.

माणदेशी_मुक्ता

ऋतुगंध, बरोबर आहे, मूळ लेखातच यायला हवं होतं. आम्ही गेलो त्या रस्त्याचं नावच जेरोनिमो ट्रेल आहे.

काळा कोट, तुमचा प्रतिसाद काकांना फोनवर दोनदा वाचून दाखवला. त्यांनी एजंटाकडे बिनशेतीचा कागद मागितला. तो 'आणतो' म्हणाला, तीन आठवडे झाले, आला नाही. आमच्या माळाला लागून गावाचं गायरान आहे आणि पलीकडे दोन चुलत्यांची मिळून अठरा एकर. त्यातले एक तयार आहेत, दुसऱ्यांच्या मुलाला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय. त्याला मी दोष देत नाही. त्याच्यासाठी पैसे उभे करायची काही सोय असती तर हा प्रश्नच नव्हता, आणि आपल्या राज्यात तशी तरतूद व्हावी म्हणून मी आमच्या आमदारांना पत्र लिहितेय. मसुदा इथे टाकीन, दुरुस्त्या सुचवा.

वाड्यावरला, तुमच्या ओळखीचा एखादा वाडा यंदा आमच्या बाजूने येणार असेल तर व्यक्तिगत निरोप कराल का? पाणी आहे, विहीर चालू आहे.

दिवाळीत जातेय. काकांनी माळाच्या चार कोपऱ्यांना दगडी खांब रोवून ठेवलेत. मी म्हटलं होतं साध्या खुंट्या चालतील, पण त्यांनी आजोबांच्या पडक्या गोठ्यातले खांब बैलगाडीने नेऊन रोवले. प्रत्येक खांबापाशी उभं राहून चारी दिशांचा फोटो काढायचा, खाली तारीख आणि गवतांची नावं लिहायची. नावं काका सांगणार आहेत.